बत्तीस इंच, आतून की बाहेरून?

३ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. परवा फोनवर तू पाच-सहा मिनिटं बोललीस, त्यातलं मला ‘बिट्टी’ आणि ‘रविवारी’ एवढंच ऐकू आलं. बाकीला मी नुसता हो हो करत होतो. चाळीस वर्षं लाकूड कापायच्या यंत्राशेजारी उभं राहून कानांचा पार भुसा झालाय. तेव्हा रागावू नकोस आणि पत्रच लिहीत जा.

बिट्टीच्या पुनर्वसन केंद्रातून मला एक इंग्रजी कागद आलाय. महिन्याभरात पोरीला घरी सोडणार आहेत, तर त्याआधी घरात काय काय बदलायचं ते त्यात छापलंय. आकडे मला कळतात, शब्दांशी आपलं लहानपणापासून वाकडं. तू पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस, म्हणून तुला विचारतो.

दाराच्या चित्राखाली लिहिलंय, ‘क्लिअर विड्थ, बत्तीस इंच’. विड्थ म्हणजे रुंदी हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या धंद्यात एका दाराला तीन रुंद्या असतात. चौकट बाहेरून बाहेर मोजली तर एक, आतून आतून मोजली तर दुसरी, आणि नुसत्या झडपेची तिसरी. यातली इंग्रजांची कुठली? शिवाय मागच्या पानावर विड्थ न म्हणता ‘ब्रेड्थ’ म्हटलंय. ती चौथी की काय? आणि वाइड म्हणजे अंपायर दोन्ही हात पसरतो तेच ना?

दुसरं काम. तू दर रविवारी तिला भेटायला जातेस, तर तिच्या चाकांच्या खुर्चीचं माप घेऊन पाठव. गुपचूप घे. नवीन दार बघून तिने चकित व्हायला हवं.

मीच आलो असतो. पण मी आलो की ती डोळे मिटून पडते. झोपलेली नसते, पापण्या हलत असतात. म्हणून हल्ली येत नाही.

तुझा,
धाकट्या

९ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

पत्र वाचून आधी हसले आणि मग लगेच शब्दकोश काढला. निवृत्तीनंतर कुणी शब्दाचा अर्थ विचारला की मला अंगावर मूठभर मांस चढतं.

तर ऐक. विड्थ आणि ब्रेड्थ, दोन्ही म्हणजे रुंदीच. दार, रस्ता, टेबल, पट्टीने मोजायचं असेल तिथे बहुतेक विड्थ. ब्रेड्थ जरा भारदस्त. माणसाच्या वाचनाची, विचारांची, अनुभवाची असते ती ब्रेड्थ. तिथे तुझी टेप पुरायची नाही. वाइड म्हणजे रुंद, आणि ब्रॉड म्हणजेही रुंद, पण त्यांची अदलाबदल करून चालत नाही. खांदे ब्रॉड असतात, तोंड वाइड उघडतं. टक्क जागा माणूस वाइड अवेक, आणि भर दिवसा म्हणजे ब्रॉड डेलाइट. एका मुलाने निबंधात ‘माय फादर इज व्हेरी वाइड’ लिहिलं होतं. वडील शाळेत आले तेव्हा बघितलं, तर त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे तरी काय, कापडाचा पन्हा, नदीचा पाट, आणि बसायला ऐसपैस!

आता तुझा प्रश्न. कोशात स्वच्छ लिहिलंय, विड्थ म्हणजे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचं अंतर. म्हणजे बाहेरून बाहेर. आणि क्लिअर म्हणजे स्पष्ट, नेमकं. मोघम माप चालणार नाही, नेमकं बत्तीस हवं, असं त्यांना म्हणायचंय. निर्धास्त काम सुरू कर.

खुर्ची मोजली. बिट्टी व्यायामाला गेली होती तेव्हा शिवणाची टेप घातली. बसायची जागा अठरा इंच.

ती बरी आहे. जेवते. दंड असे भरलेत की मला मिठी मारली तर बरगड्या वाजतात. बाकी काही विशेष नाही.

तुझी,
ताई

२० सप्टेंबर

ताई,

कारखान्यातून घरात जायचं दार झालं. चौकट बाहेरून बाहेर बरोबर बत्तीस, सूतभर कमी नाही की जास्त नाही. जुनं दार आतून चोवीस होतं, हे सत्तावीस भरलं. अठरा इंची खुर्ची म्हणजे पाहुण्यासारखी आत येईल. उंबरठा उखडून टाकला आणि त्या जागी फरशी इतकी सपाट बसवली की गोटी ठेवली तर हलणार नाही. झडपेला सागवान वापरलं. एका गिऱ्हाइकाच्या कपाटासाठी जपून ठेवलं होतं, त्याला सांगितलं, थांब जरा.

तिची कोरायची हत्यारंही धार लावून ठेवलीत. सगळ्या पटाश्या एका ओळीत, तिला आवडतं तशा. तिच्यासारखी वेलबुट्टी मला या जन्मात यायची नाही. चार महिने झाले, आपल्याकडून एकही कोरीव काम बाहेर गेलेलं नाही. लोक विचारतात, मी म्हणतो येतेय ती.

ताई, ती घराबद्दल काही बोलते का? तू लिहितेस, बरी आहे, जेवते. एवढं तर केंद्रवालेही कळवतात. तिला विचार, दाराला हिरवा रंग चालेल का. नको, विचारू नकोस. मी हिरवाच देतो.

धाकट्या

२६ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

केंद्रातून कळलं की येत्या रविवारी बिट्टीला एका दिवसापुरतं घरी आणणार आहेत. सगळ्यांनाच नेतात असं, घर जमतंय का ते बघायला. त्यांची गाडी असेल आणि सोबत एक मदतनीस मावशी. माझे गुडघे प्रवासाला नाही म्हणतात, मी येत नाही.

एक सांगू? फार तयारी करू नकोस. माणसं गोळा करू नकोस. आली, बसली, चहा प्याली, एवढंच होऊ दे.

तुझी,
ताई

७ ऑक्टोबर

ताई,

आठ दिवस पत्र लिहायला घेतोय आणि फाडतोय.

तू नको म्हणालीस तरी मी शेजारपाजाऱ्यांना बोलावलं होतं. लाँड्रीवाला, बेकरीवाला, त्यांच्या बायका. त्यांनाही तिला बघायचं होतं गं. गाडी आली. मावशींनी खुर्ची उतरवली, बिट्टी स्वतः बसली त्यात. कुणी हात लावायच्या आत निघालीसुद्धा. मला वाटलं, जिंकलं.

दारात पुढची चाकं गेली. मग मोठी चाकं आली, आणि त्या चाकांवर तिचे हात. ताई, खुर्ची अठरा इंच नाही. बसायची जागा अठरा. चाकं, त्यांना बाहेरून लावलेल्या, हाताने फिरवायच्या गोल कड्या, सगळं धरून पंचवीस! आणि सत्तावीस इंचांच्या दारात उघडलेली झडपही उभी असते, ती सव्वा इंच खाते. दोन्ही अंगांना तीन-तीन सूत उरलं, म्हणजे धड अर्धा इंचही नाही. तीन सुतात माणसाची बोटं मावतात का?

तिची बोटं सोलली. ती मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा सोलली. हिरव्या रंगावर रक्त लागलं. तिसऱ्यांदा ती मागे सरली तेव्हा मला बघवेना. मी सरळ पुढे झालो, तिला उचललं आणि आत नेऊन पलंगावर ठेवलं. लहानपणी न्यायचो तसं. बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खुर्ची बाहेर, ती आत. तिने मला एवढंच विचारलं, “बाबा, आता मी बाहेर कशी जाऊ?”

मी म्हटलं, “मी आहे ना.”

तिने सरळ मावशींना हाक मारली. पंधरा मिनिटांत गाडी गेली. चहा तसाच राहिला.

आता दुसरं सांगतो, जे मी कुणालाच सांगितलं नाही. ती माळ्यावरून पडली असं मी सगळ्यांना सांगितलं. माळ्यावरून नाही, शिडीवरून पडली. शिडीची चौथी पायरी हलत होती. मला माहीत होतं. एक खिळा मारून उद्या बघू म्हटलं होतं. लोकांच्या खिडकीत सूतभर फरक राहिला तर मी रात्रभर तळमळतो, आणि माझ्याच कारखान्यातली पायरी मी उद्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती हातात फळी घेऊन चढली.

ती डोळे मिटून पडायची ते याचसाठी असणार. तिला कळलंय.

हे पत्र तिला दाखवू नकोस.

धाकट्या

१२ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

पत्र वाचलं आणि दिवसभर चूल पेटवली नाही.

आधी माझी चूक. कोशात लिहिलंय, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. कुठल्या बाजूपासून ते कोश सांगत नाही. तू मला नेमका प्रश्न विचारला होतास, आणि मला माहीत नाही असं लिहायला माझी लेखणी चालली नाही. पस्तीस वर्षं ‘द रोड इज क्लिअर’ म्हणजे रस्ता मोकळा असं मुलांकडून घोकून घेतलं, आणि ऐन वेळी त्याच क्लिअरचा अर्थ मी ‘स्पष्ट’ लावला. आता केंद्रात जाऊन विचारून आले. क्लिअर विड्थ म्हणजे मोकळी रुंदी. दार पूर्ण उघडल्यावर, झडप, बिजागरी, चौकट सगळं वजा जाता माणसाला जायला जी उरते ती. तुझ्या तिन्ही रुंद्यांत ती नव्हती. आणि खुर्चीचं माप! बाजारात पिशवी शिवायला टाकते तशी मोजली मी ती.

पण त्याहून मोठी चूक दुसरी. तो कागद मी बिट्टीलाच दाखवला असता तर एका मिनिटात उलगडा झाला असता. तिथल्या मुली दिवसभर हेच बोलत असतात. मी दाखवला नाही, कारण घराचा विषय काढायचा नाही असं तिने मला बजावलं होतं. ती घरी येणार नाही असं तिने ऑगस्टमध्येच ठरवलंय. केंद्राजवळ मुलींचं वसतिगृह आहे, तिथे नाव घातलंय. बाबांना मी सांगेन, तू बोलू नकोस, असं माझ्याकडून वचन घेतलं. आणि तू तिकडे हिरवा रंग देत होतास. तुझं प्रत्येक पत्र वाचताना माझा जीव कासावीस व्हायचा, तरी मी ‘बरी आहे, जेवते’ लिहायची.

ते वचन मी आज मोडलं. आणि तुझंही ऐकलं नाही. काल तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. माझ्यावर रागाव, चालेल. दोन्हीकडची गुपितं पदरात बांधून बसायचं माझं वय राहिलं नाही.

तिने ऐकलं. मग खिडकीपाशी गेली. मी निघताना म्हणाली, “आत्या, जाताना दोन कोरे कागद ठेवून जा.”

तुझी,
ताई

१५ ऑक्टोबर

बाबा,

चौथी पायरी हलते हे मलाही माहीत होतं. महिनाभर मी ती ओलांडूनच चढत होते. त्या दिवशी हातात फळी होती, डोकं भलतीकडे होतं, विसरले. तुमची काहीच चूक नाही असं मी लिहिणार नाही, कारण ते तुम्हालाही पटणार नाही. पायरी दुरुस्त करायला हवी होती. पण मी डोळे मिटून पडायचे ते त्यासाठी नाही.

तुम्ही आलात की माझ्या पायांकडे बघायचात. खोलीत शिरल्यापासून निघेपर्यंत पायांकडे. तोंडाकडे नाही. मग डोळे उघडे ठेवून काय करू?

दाराचंही मला काही वाटलं नाही. बोटं इथे रोजच सोलतात. अजून दोनदा मागे-पुढे केलं असतं तर हात आत घेऊन, चौकटीला ढकलून मी गेले असते. शिकवलंय आम्हाला. तुम्ही मला उचललंत. विचारलं नाहीत. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चोवीस वर्षांची आहे, बाबा. त्या क्षणी मला वाटलं, या घरात आता मी सामान आहे. इथून उचललं, तिथे ठेवलं.

वसतिगृहाचं आत्याने सांगितलंच. मी तुमच्यावर रागावून नाव घातलं नाही. घरी आले तर तुम्ही माझ्याभोवती उभे राहाल, दिवसभर, आणि आपण दोघंही गुदमरून जाऊ, अशी मला भीती वाटली. अजून वाटते.

पण आत्याने तुमची आधीची पत्रंही दिली, त्यात पटाश्या धार लावून ठेवल्यात हे वाचून हात शिवशिवले. खोटं कशाला बोलू.

बिट्टी

१९ ऑक्टोबर

बिट्टी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. लिहिण्यासारखं बरंच आहे, पण मला ते लिहिता येत नाही.

चुकलो. उचलायच्या आधी विचारायला हवं होतं. पायांकडे बघायचो, कारण तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. ही सबब नाही, खरं ते सांगतो.

शिडी फोडून जाळली नाही. नवीन चौथी पायरी बसवली, खाचा करून, सरस लावून. बाकीच्याही तपासल्या.

आता विचारतो. तू यावंस असा आग्रह नाही. पण आलीस, एका दिवसासाठी का होईना, तर दार कसं हवं? मी म्हणतो झडपच काढून टाकू. भिंत तोडून छत्तीस इंच मोकळं ठेवू आणि वरून पडदा सोडू. म्हणजे काही अडणारच नाही.

बाबा

२४ ऑक्टोबर

बाबा,

पडदा नको! पडद्याआड माणूस राहतं का? मला दार हवं. आतून लावता येईल असं.

सरकतं करा. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला वरून लोखंडी पट्टीवर टांगायचं, खाली फरशीत खाच नको, चाक अडकतं. मोकळी रुंदी चौतीस पुरे. मूठ उभी आणि लांब, बसून पकडता येईल अशी, आतून आणि बाहेरून. कडी जमिनीपासून छत्तीस इंचांवर. सोबत चित्र काढलंय, मापं आतून आतून आहेत. मोजून झाल्यावर एकदा मला कळवा आणि मगच लाकूड कापा.

वसतिगृहातली जागा मी सोडलेली नाही. डिसेंबरचा महिना घरी राहून बघेन. जमलं तर जमलं.

तुम्ही पत्रात पहिल्यांदाच मला प्रश्न विचारलात. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

बिट्टी

२१ डिसेंबर

ताई,

तीन आठवडे झाले, बिट्टी घरी आहे. तुला दोन ओळींचं कार्ड तेवढं टाकलं, कारण नजर लागेल असं मला वाटत होतं. आता लिहितो.

पहिल्या दिवशी आली तेव्हा कुणालाही बोलावलं नव्हतं. मी कारखान्यात पाठ करून रंधा मारत उभा होतो. मुद्दाम. पाठीमागून दार सरकल्याचं कळलं, वळलो नाही. थोड्या वेळाने आतून ओरडून म्हणाली, “बाबा, चहा कोण ठेवणार?” मग वळलो.

सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं समजू नकोस. रोज कशावरून तरी खटके उडतात. मी पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी नेऊन ठेवला की ती तो परत जागेवर नेऊन ठेवते आणि मग स्वतः आणते. एकदा बाजारात एकटी गेली, वेळेत आली नाही, तर मी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. लांबून मला बघितलं आणि रस्ता बदलून दुसरीकडून घरी आली.

पण काल जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

बेकरीवाला आला होता. त्याच्या मुलीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे, त्याला पाळणा हवाय, आणि पाळण्याच्या चारही बाजूंना बिट्टीच्या हातची वेलबुट्टी हवीय. मी माझ्या परीने शहाणपणाने म्हटलं, “नाही हो, एवढं मोठं काम तिला आत्ता झेपायचं नाही. सहा महिन्यांनी बघू.” मला वाटलं, ती आत आहे, तिला काय कळतंय.

तर ती दारात. लाकडाच्या तुकड्याने मला मारतेय की काय असं वाटलं, असे डोळे. बेकरीवाल्याला म्हणाली, “काका, बसा. फेब्रुवारीत पाळणा मिळेल.” मग माझ्याकडे वळली. “बाबा, मला काय झेपतं ते मला विचारायचं. किती वेळा सांगू?”

मी तोंड उघडायच्या आत ती आत गेली आणि माझ्या तोंडावर दार ओढलं. एका हाताने, एका झटक्यात. आणि आतून कडी घातली.

मी बाहेर उभा, हातात पट्टी, कानावर पेन्सिल. बेकरीवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “फारच रागावली हो पोरगी.”

“हो,” मी म्हटलं. “फार रागावली.” आणि ताई, मला हसू आवरेना. खरंच सांगतो. मे महिन्यापासून माझ्या छातीवर जे काही बसलं होतं ना, ते उठून गेलं. तिला रागावता येतंय, दार लावून घेता येतंय, आणि मला बाहेर ठेवता येतंय. बेकरीवाल्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याला वेड लागलं.

त्याने विचारलं, “मग पाळण्याचं कसं करायचं?”

मी म्हटलं, “मला विचारू नका. तिचं काम आहे, तीच सांगेल. बसू या.”

दोघं बाकावर बसलो. तो पावाच्या भट्टीबद्दल बोलत राहिला, मी मान हलवत राहिलो. आतून तिचं कागदावर काहीतरी चाललेलं असावं. पाऊण तास गेला. मग कडी निघाली, दार सरकलं. हातात पाळण्याचं चित्र, चारही बाजूंचं. बेकरीवाल्याला म्हणाली, “या काका, आत या, दाखवते.”



मी तिघांचा चहा टाकला.

तुझा,
धाकट्या